सावलीच्या बाजूने : मे महिन्यातली मुंबई

रविवार

“मे महिन्यात माणसं मुंबईतून बाहेर जातात गं, मुंबईला येत नाहीत,” मावशी फोनवर म्हणाली होती. खोटं नव्हतं ते. तिच्या गिरगावातल्या चाळीत निम्म्या दारांना कुलपं होती. सगळे कोकणात, आंबे-फणस खायला. मी मात्र नाशिकहून पंचवटी एक्सप्रेस पकडून उलट्या दिशेने आले. एका सहकारी बँकेच्या शाखांच्या पाट्या करायचं काम मिळालंय. सोमवारी एक बैठक, गुरुवारी दुसरी, बाकीचे दिवस मोकळे. ते जुन्या पाट्यांवरची देवनागरी अक्षरं टिपण्यात घालवायचे असं ठरवलं होतं. कोरी वही, दोन पेन्सिली, फोनमध्ये रिकामी करून ठेवलेली जागा, सगळी जय्यत तयारी.

सीएसएमटीच्या बाहेर आल्यावर दहा मिनिटांत तयारीतली खोट कळली. छत्री नव्हती. नाशिकचं ऊन भाजतं, पण झाडाखाली गेलं की सोडून देतं. मुंबईचं ऊन सोबत येतं, घामाच्या रूपाने. पारा चाळिशीच्या जवळपासही नसतो आणि जीव तरी कासावीस.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत १८८८ साली पुरी झाली आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिच्यावरचे मोर, पानं, कमानी कॉलेजात असताना इतक्या वेळा रेखाटल्या आहेत की हाताला पाठ आहेत. आज पहिल्यांदाच वर न बघता खाली बघितलं, तिची सावली कुठवर येते ते. अकराच्या सुमाराला ती भिंतीला चिकटून बसली होती, आणि तिथे जितकी माणसं मावतील तितकी उभी होती. कुणीही इमारतीकडे बघत नव्हतं.

टॅक्सीने गिरगावात. जुनी काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तिच्या छताला लावलेलं फुलाफुलांचं रेक्झिनही तिच्याबरोबर गेलं. या गाडीचं छत राखाडी, कारखान्यातून आलेलं. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मावशीची खोली तिसऱ्या मजल्यावर. समोर लांबच लांब सामाईक गॅलरी, तिला लाकडी कठडा. बारा वाजता ऊन गॅलरीच्या निम्म्यापर्यंत आलं आणि थांबलं. खोलीची भिंत दिवसभर उन्हाला भेटतच नाही. माझे आर्किटेक्ट मित्र याला काहीतरी भारदस्त नाव देऊन दहा स्लाइड दाखवतात. मावशी तिथे कुरडया वाळत घालते. ऊन जिथे थांबतं त्या रेषेपर्यंत, एक इंच मागे नाही.

सोमवार

बैठक फोर्टात होती. वेळ होता म्हणून चर्चगेटऐवजी दादाभाई नौरोजी रस्त्याने गेले. या रस्त्यावर एक गंमत आहे. दुकानं वेगळी, मालक वेगळे, इमारतींच्या शैलीही वेगळ्या, पण खालून कमानींखालचा पदपथ जवळजवळ सलग चालतो. हा योगायोग नाही. रस्ता तेव्हा हॉर्नबी रोड होता, आणि तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी अशी कमानींची वाट सोडायची असा सरकारी नियम १८९६ साली झाला. वरती कुणी काय नखरे करायचे ते करा, खाली चालणाऱ्याला छप्पर द्या. पाट्यांच्या धंद्यात असा सुटसुटीत नियम मी अजून पाहिलेला नाही.

कमानीखाली घड्याळाचे पट्टे, मोबाइलची कव्हरं, जुनी नाणी. दोन खांबांच्या मधल्या जागेत एकेक दुकान अंग चोरून बसलेलं. विक्रेत्यांनी कमानीच्या तोंडाशी मेणकापडं बांधली आहेत. वारसावाले याला अतिक्रमण म्हणतात आणि त्यांचंही चूक नाही. कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरून मी मात्र त्या मेणकापडाचे मनोमन आभार मानत गेले.

बैठकीत गाडी ‘ल’वर अडली. नमुन्याच्या पाटीवर ‘लॉकर विभाग’ होतं आणि त्यातला ल हिंदी वळणाचा, सरळ दांड्याचा. मराठीचा ल पाकळीचा. शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये तसा निर्णयच काढला आहे : पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही ल एकच, युनिकोडमध्ये त्यांचा क्रमांकही एकच. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. कुणी सांगत नाही.

“पण वाचता तर येतो ना?” साहेब म्हणाले.

“येतो.”

“मग?”

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. चहा घेऊन आलेल्या शिपाईकाकांनी पाटीकडे मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, “साहेब, हा ल दुसऱ्यांच्यातला आहे.” तिथे बैठक संपली.

मंगळवार

अक्षरं टिपायला सकाळी आठला निघाले. साडेदहाला फोन तापून बंद पडला. पडद्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली सूचना, की थंड होऊ द्या. मलाही कुणीतरी तसं दाखवायला हवं होतं.

म्हणून मग वही काढली, आणि आजचा सगळा शोध फोटो नसल्यामुळेच लागला असं म्हणायला हवं.

फोर्टात मिंट रोडच्या चौकात रतनसी मुळजी जेठा कारंजं आहे. कापसाच्या व्यापाऱ्याने तरुणपणी गेलेल्या मुलाच्या आठवणीत बांधून घेतलेलं, आराखडा पुन्हा स्टीव्हन्सचाच. शिखरावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा. मुंबईभर अशी पाणी पाजणारी बांधकामं आहेत, त्यांना प्याऊ म्हणतात. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, आणि पुढच्या काही दशकांत श्रीमंत व्यापाऱ्यांनी आईवडिलांच्या, मुलाबाळांच्या नावाने प्याऊ बांधले. पुढे मलेरियाच्या धास्तीने विहिरी बुजवायला सुरुवात झाली, तसा तहानलेल्याला त्यांचा आधार वाढला.

जेठा कारंजं देखणं आहे, पण माझा जीव जडला आतल्या गल्लीतल्या एका साध्या प्याऊवर. काळा दगड, पुरुषभर उंची, वर लहानसा घुमट. दात्याचं नाव गुजरातीत कोरलेलं, त्याची पहिली दोन अक्षरं झिजून गेलेली. रेखाटताना त्याच्या उंचीचा हिशोब लक्षात आला. माणसाने ओंजळ धरायची ती कमरेच्या वर. त्याच्या खाली, गुडघ्याच्या पातळीला दगडी कुंड : सांडलेलं पाणी त्यात, म्हणजे बैलाला आणि घोड्याला. आणि जमिनीलगत एक बशीएवढा खळगा. आधी वाटलं दगड फुटलाय. मग दिसलं की कडा गोल घासलेली आहे. कुत्र्यामांजरांसाठी असणार. एकच धार तीन उंचीवरून तिघांना.

नळ कोरडा होता. तोटी कधीच गेलेली.

पण त्याच प्याऊला टेकून समोरच्या कागदवाल्याने एक माठ ठेवलाय, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. झाकणावर स्टीलचा पेला, पेल्याला साखळी, साखळी प्याऊच्या कडीला. मी ती साखळी वितीने मोजली. साडेचार विती. पेला माठात बुडतो, तोंडाच्या वर धरता येतो, पण दोन पावलं मागे गेलं की ताणतो. उंच माणसाला पुरते आणि चोराला पुरत नाही, अशी लांबी.

“पाच केली होती,” कागदवाले काका म्हणाले, “पेला जमिनीला लागायचा. मग एक कडी काढली.”

मी पाणी प्यायले. फोन अजून तापलेलाच होता.

बुधवार

डोकं चढलं. मावशीने कांद्याचा रस तळपायाला चोळला आणि पुढच्या खोलीत चटईशिवाय आडवं व्हायला लावलं. “फरशीवर पड. फरशी ओढून घेते.”

चार तास ती फरशी डोळ्यासमोर चार इंचांवर. तांबडा, काळा आणि मळकट पिवळा, मधे आठ पाकळ्या. ही भाजलेली लादी नव्हे, सिमेंटची. धातूच्या साच्यात नक्षीच्या कप्प्यांची जाळी ठेवतात, एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचं दाट पाणी ओततात, जाळी अलगद उचलतात, मागे कोरडं सिमेंट-वाळू भरून दाबयंत्राखाली घालतात. मग भट्टी नाही, फक्त पाण्यात मुरत ठेवणं. रंग वरून लावलेला नसतो, वरच्या थरातच मुरलेला असतो, म्हणून शंभर वर्षं झिजली तरी फूल राहतं. मुंबईत सिधवा काका-पुतण्यांनी १९२२ साली स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स सुरू केली, तेव्हा अशा लाद्या परदेशातून येत असत. मावशीच्या लाद्या त्यांच्याच का ते कळायला उलटवून पाहावी लागेल, आणि मावशी ते करू देणार नाही.

दारातून मोरीपर्यंतच्या वाटेवर पाकळ्या फिकट आहेत. कोपऱ्यात, जिथे कपाट होतं, तिथला तांबडा रंग कालचा वाटतो. घरात कोण कुठून कुठे चाललं याचा नकाशाच.

संध्याकाळी खोताची वाडी. पाच मिनिटांवर. लाकडी घरं, बाहेर येणारे जिने, व्हरांडे. एकेकाळी साठच्या वर घरं होती म्हणतात, आता निम्मीही नाहीत. दोन मुली घराच्या पायरीपुढे उभ्या राहून फोटो काढत होत्या, आणि आतल्या आजी खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या. मीही वही काढणार होते, काढली नाही.

गुरुवार

दुसरी बैठक. पाकळीचा ल मंजूर, पण आता पाटीचा निळा रंग ‘थोडा उठावदार’ हवा. करू.

परतताना बसथांब्यावर पंचवीस मिनिटं उभी होते. नवा कोरा थांबा. छप्पर पारदर्शक. मे महिन्यात, मुंबईत, पारदर्शक! बसायला तिरकी स्टीलची नळी : तिच्यावर टेकलं तर घसरायला होतं, हात ठेवला तर चटका. खालच्या निम्म्या भागाला जाहिरातीचा उजेडी फलक, त्याची सावली मात्र छान पडते, रस्त्यावर, गाड्यांच्या लेनमध्ये. थांब्यावर आम्ही सातजण होतो आणि सातहीजण थांब्याच्या बाहेर, विजेच्या खांबाच्या सावलीत एका मागे एक. वरून कुणी पाहिलं असतं तर शिस्तीचं कौतुक केलं असतं. ज्याने हे आखलं त्याने ते बहुधा डिसेंबरात, एसीत बसून आखलं असेल. हे लिहिताना मला माझी जुनी कामं आठवली आणि मी पेन्सिल जरा हलकी धरली. नाशिकमधल्या एका उद्यानासाठी मी काळ्या धातूवर पाट्या केल्या होत्या. माहितीच्या पाट्या, बोट फिरवून वाचायच्या.

उतरले क्रॉफर्ड मार्केटला. महात्मा फुले मंडई म्हणायला हवं, पण टॅक्सीवालाही क्रॉफर्डच म्हणतो. १८६९ची इमारत, कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि वसईचा तांबडा. दारावरच्या पट्टीत शेतकरी कोरले आहेत ते जॉन लॉकवूड किपलिंगने, म्हणजे रुडयार्डच्या वडिलांनी. ते समोरच्याच जे. जे. कला शाळेत शिकवत असत. पण मे महिन्यात त्या पट्टीकडे बघणार कोण? आत हापूस आहे.

पेट्या आता बहुतेक पुठ्ठ्याच्या. त्यांवर ‘देवगड’ सहा प्रकारच्या फॉन्टमध्ये, शेजारी पानासकट आंब्याचा फोटो, सगळ्यांचा एकच, इंटरनेटवरचा. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं बोधचिन्हही कुठे कुठे. एका गाळ्यात मात्र मागे तीन लाकडी पेट्या होत्या, खिळे ठोकलेल्या, फटींतून पेंढा डोकावत होता. त्यांवर स्टेन्सिलने काळ्या रंगात बागायतदाराचं आडनाव. स्टेन्सिलची अक्षरं मधेमधे तुटलेली असतात, नाहीतर पत्र्यातून आतला तुकडा गळून पडेल. रोमन अक्षरांत हे तुकडे जोडणारे पूल सोपे. देवनागरीत शिरोरेघ आहे, सगळं तिला लटकतं. या कारागिराने काय केलं होतं, तर शिरोरेघच प्रत्येक अक्षरावर तोडली होती. त्यामुळे आडनाव अक्षरं नव्हे, तर एकेक दांडीवर वाळत घातलेले कपडे असं दिसत होतं. वाचता येत होतं, लांबूनही.

“ताई, आंबा घ्यायचा की पेटी?” गाळेवाला म्हणाला.

“पेटी देता रिकामी?”

“आंब्यासकट देतो.”

घेतली. मावशीने आंबे ठेवले, पेटीची पुढची फळी मी खिळे उचकटून काढून घेतली.

शुक्रवार, १५ मे

आजचा दिवस मी ठरवून राखून ठेवला होता. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या शेवटी, पण जुलैत ढग असतात. म्हणजे शून्य सावली बघायची तर आजच. वेळ बाराची नव्हे, १२ वाजून ३५ मिनिटं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर चालतात आणि मुंबई तिथून बरीच पश्चिमेला.

ओव्हल मैदानावर बाराला पोचले. हे मैदान म्हणजे दोन शतकं समोरासमोर. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, १८७८चा राजाबाई टॉवर. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारशात गेल्या. पूर्वेकडच्या रांगेचं तोंड पश्चिमेला, कारण ती बांधली तेव्हा समोर समुद्र होता. म्हणून तिला खोल व्हरांडे : आत वारा यावा, ऊन बाहेर राहावं. मग समुद्र मागे हटवून भर घातली, आणि भरीवर नवी रांग उभी राहिली, तिच्याकडे पाहणारी. एम्प्रेस कोर्ट, रजब महल, शिव शांती भुवन. इथली इमारतींची नावं बघायला मी आले होते. सिमेंटमधून उठवलेली अक्षरं, कोनेदार, एकेक बघण्यासारखं. देवनागरी जवळजवळ नाहीच. तेव्हा ती या भागात राहत नव्हती.

१२.३५. मैदानात पाण्याची बाटली उभी केली. सावली हळूहळू बुडाखाली सरकली आणि गेली. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांपैकी एकाने स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग बॅट उभी धरून बघितली. “अरे, भूत झालो!” तो ओरडला आणि पाचसहाजण आपापल्या सावल्या शोधत उड्या मारायला लागले.

आता इमारतींकडे बघितलं. खिडक्यांवरून सलग जाणाऱ्या अरुंद छज्ज्यांच्या पट्ट्या, ज्यांना इथे भुवया म्हणतात, त्या मला नेहमी शैली वाटायच्या : वेगाच्या रेघा, जहाजाचे कठडे वगैरे. या क्षणी प्रत्येक भुवईखालची भिंत वरपासून खालपर्यंत सावलीत होती. दोन फुटांची पट्टी, पण सूर्य डोक्यावर असताना तेवढी पुरते. जहाजाची नक्कल असेलही. पण जहाज गेलं असतं आणि भुवया राहिल्या असत्या.

मग मोह झाला आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हला गेले. तिथे त्याच भुवया, पण घरांचं तोंड पश्चिमेला. सहा वाजता सूर्य समुद्रावरून आडवा आला आणि छज्ज्याखालून थेट बैठकीच्या खोल्यांत शिरला. एकेक करून पडदे, चटया, एका गॅलरीत चक्क जुनी साडी. म्हणजे समुद्राकडे पाहायला मोठं भाडं भरायचं आणि सूर्यास्ताला पडदा ओढायचा. कट्ट्यावरच्या आमच्यापुढे तो सूर्यास्त फुकट होता. डोळे मात्र मिटावे लागत होते.

शनिवार

भायखळा. स्टेशनच्या पाट्यांसाठी. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे मुंबईतल्या पुष्कळ स्टेशनांवर एकच नाव दोनदा लिहिलेलं असतं. इथे मात्र भायखळा आणि भायखला. एका ळची किंमत एक अख्खी ओळ. पुढे शीव आणि सायन, तिथे तर नावच बदलतं. १८५७ची ही स्टेशनची इमारत नीट दुरुस्त केली आहे, २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. लाकूडकाम सुरेख.

मग भाऊ दाजी लाड संग्रहालय. हिरवा आणि सोनेरी, डोळे दिपतील असा. मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या लोकांच्या. मी फक्त डोकी बघितली. पागोटी, पगड्या, टोप्या, पदर. प्रत्येकाने आपापली सावली डोक्यावर घेतलेली. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं; इंग्रजांनी इंग्लंडला न्यायला उचलला आणि तो फुटला, म्हणून इथे राहिला.

बाहेर पडताना माझी चप्पलही फुटली. अंगठा सुटला. एक पाय ओढत स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडे गेले. लोखंडी कठड्याला पाठ लावून बसलेले, वर मोठी काळी छत्री, दांडा सुतळीने कठड्याला बांधलेला. ते टाके घालेपर्यंत मी त्यांच्याच छत्रीत उकिडवी. तेव्हा कठडा दिसला. चार गजांवर सुतळीच्या जुन्या खुणा, रंग उडून धातू गुळगुळीत झालेला, एकेक गज सोडून.

“काका, छत्री हलवता का?”

“मग! सकाळी तिकडे,” सुईनेच पहिला गज दाखवला, “दहाला इथे. दुपारी इथे. चारनंतर तो तिकडचा. पावसाळ्यात मधल्या दोन्ही गजांना बांधतो.”

“सामान?”

“सामान नाही हलवत. गिऱ्हाईक हलवतो.”

आणि खरंच, त्यांनी मला अर्धा हात डावीकडे सरकवलं. माझ्या पाठीवर ऊन आलं होतं, मला कळलंही नव्हतं.

वहीचं शेवटचं पान त्या कठड्याला दिलं. चार गज, चार गाठी, वेळा.

संध्याकाळी पंचवटी. मावशीने डबा दिला, तिची जुनी छत्री दिली, आणि डब्यात चढेपर्यंत एकच धोशा, “उजवीकडची खिडकी घे, उजवीकडची.” जागा राखीव होती, डावीकडची. पण एका आजोबांना पोरांबरोबर बसायचं होतं, त्यांनी अदलाबदल मागितली आणि मी उजवीकडे गेले. दादरला पाटी दिसली, दादर आणि दादर. मागे कुर्ला, मागे घाटकोपर. ठाण्यापर्यंत पलीकडच्या रांगेने एकेक शटर खाली घेतलं होतं. माझ्या मांडीवर आंब्याच्या पेटीची फळी, आणि खिडकी उघडी.